आठवण गेली, तरी धम्म जातो काय?



वर्षावासातील आजच्या पौर्णिमेला मी आपल्यापुढे एका रोगाविषयी बोलणार आहे. रोगाचा विषय दवाखान्यातला, तो विहारात कशाला, असे कोणास वाटेल. परंतु हा रोग आपल्या वस्तीत शिरला की दवाखान्याच्या आधी त्याची चर्चा धर्माच्या नावाने सुरू होते. कोणी म्हणतो देवाचा कोप झाला. कोणी म्हणतो करणी केली. कोणी म्हणतो मागच्या जन्मीचे फेडते आहे. आणि आपल्यातलाच कोणी म्हणतो, म्हातारी दीक्षा विसरली, परत मागे गेली. म्हणून हा विषय विहारात आणणे भाग पडले.

जे सांगतो ते माझ्या घरचे आहे. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला होती. तेव्हा तिचे वय पंधरा-सोळा वर्षांचे. भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या खेड्यातून आई-बापांबरोबर पांढरे लुगडे नेसून ती गेली आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या मुखातून तिने बावीस प्रतिज्ञा ऐकल्या. गावी परतल्यावर तिच्या बापाने घरातले देव एका टोपलीत भरले आणि वैनगंगेत सोडून दिले. ती टोपली नदीपर्यंत आजीच्या डोक्यावर होती. हे ती आम्हांला लहानपणी इतक्या वेळा सांगत असे की त्या टोपलीचे ओझे आमच्याही डोक्यावर असल्यासारखे वाटे. तिला स्वतःला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. पण तिच्या रोवणीच्या मजुरीवर माझे वडील शाळेत गेले आणि त्यांच्या कष्टावर मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.

सात-आठ वर्षांपूर्वी ती भाजीत दोनदा मीठ घालू लागली. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली. एकदा रेशनच्या दुकानातून परतताना तिला घराची वाट सापडली नाही. पुढे ती माझ्या वडिलांनाच 'कोन व्हय तू?' असे विचारू लागली. संध्याकाळ झाली की उठून दाराशी जाई आणि म्हणे, 'मले माह्या घरी जाऊ दे, रोवण्याले उशीर होते.' ज्या घरी जायचे ती म्हणत होती, ते घर पडून चाळीस वर्षे झाली होती.

आणि एके दिवशी ती अंगणात उभी राहिली, हात जोडले आणि मातामायला नारळ द्यायचा आहे म्हणून आईकडे पैसे मागू लागली.

मी शाळेतून नुकताच आलो होतो. मी तिच्यावर ओरडलो. 'आजी, तू दीक्षा घेतलीस ना? देव नदीत सोडलेस ना? आता लाज नाही वाटत?' ती लहान पोरासारखी रडली. थोड्या वेळाने मी काय बोललो ते ती विसरली, पण त्या रात्री ती जेवली नाही. वर्गात मुलांना विज्ञान शिकवणारा मी, माझ्याच घरात मला रोग दिसला नाही. धर्मद्रोह दिसला.

शेजारचे म्हणाले, नदीत सोडलेले देव सूड घेत आहेत. आमच्यातला एक कार्यकर्ता म्हणाला, यांच्या घरात पुन्हा देव शिरले, म्हातारीला बुद्धपौर्णिमेला विहारात आणू नका, लोकांत चुकीचा संदेश जाईल. बंधूंनो, ही दोन माणसे एकमेकांची कट्टर विरोधक. परंतु चूक दोघांची एकच. दोघांनीही मेंदूच्या रोगाला श्रद्धेचा प्रश्न समजले. आणि तीच चूक माझीही होती.

आता हा रोग काय आहे ते पाहू. मनुष्याचा मेंदू वजनाने सव्वा ते दीड किलोच्या आसपास असतो. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि प्रत्येक पेशी हजारो इतर पेशींशी जोडलेली असते. आपण ओळखतो, चालतो, बोलतो, रागावतो, लाजतो, ते सारे या जोडण्यांमधून. कातडीवरची जखम भरून येते, कारण तेथे नव्या पेशी तयार होतात. मेंदूतील चेतापेशी मात्र मेल्या की त्यांची जागा सहसा भरून निघत नाही. काही रोगांत या पेशी हळूहळू, वर्षानुवर्षे मरत जातात. त्यांना मेंदूच्या ऱ्हासाचे रोग म्हणतात. मेंदूच्या कोणत्या भागातील पेशी मरतात त्यावर रोगाचे रूप ठरते.

१८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी हातपाय कापणाऱ्या रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आपण त्याला कंपवात म्हणतो. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. तेथे डोपामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि त्याच्यामुळे आपली हालचाल सुरळीत चालते. त्या पेशी मरू लागल्या की हात थरथरतो, पाऊल अडखळते, चेहरा कोरा दिसू लागतो. चेहरा कोरा झाला म्हणजे माणसाला काही वाटत नाही असे नव्हे. त्याचे स्नायू त्याचे ऐकत नाहीत, इतकेच.

हंटिंग्टनचा रोग एका जनुकातील दोषामुळे होतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा असतो. त्यालाच अडाणी लोक घराण्याचा शाप म्हणत आले. शाप नव्हे, जनुक. ते जनुक शास्त्रज्ञांनी १९९३ साली शोधून काढले.

आणि माझ्या आजीचा रोग तो अल्झायमरचा. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिला साधे साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे टिपून ठेवीत. तिला स्वतःचे नाव लिहिता येईना. आपण स्वतःलाच हरवून बसलो, अशा अर्थाचे ती बोले. १९०६ साली तिचा मृत्यू झाला. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर एका प्रथिनाचे थर साचले होते आणि पेशींच्या आत दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंचा गुंता झाला होता. आज आपण त्यांना अमायलॉइड आणि टाऊ म्हणतो. पहिले लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून हे साचणे सुरू झालेले असते, असेही आता कळले आहे. म्हणजे आजी आम्हांला टोपलीची गोष्ट सांगत होती, तेव्हाही ते तिच्या मेंदूत सुरू असावे.

आता कोपाचे उत्तर द्या. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आपल्याला अल्झायमर झाल्याचे १९९४ साली स्वतः जाहीर केले. जगज्जेता मुष्टियोद्धा मोहम्मद अली याला कंपवात असल्याचे १९८४ साली निदान झाले. एक ख्रिस्ती, दुसरा मुसलमान. त्यांनी कोणते देव वैनगंगेत सोडले होते? ज्यांच्या घरी दररोज पूजा होते त्यांच्या घरीही हा रोग येतोच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील दर शंभरांत सात-साडेसात माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. या सर्वांवर मातामाय कोपली काय?

आणि गतजन्मीच्या पापाची भाषा तर आपल्या तोंडी शोभतच नाही. तुम्ही गतजन्मीचे पापी म्हणून अस्पृश्य, असे सांगूनच आपल्या पूर्वजांना हजारो वर्षे गावाबाहेर ठेवले. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत तर्कावर घासून पाहिला आणि बाजूला सारला. ज्या सापळ्यातून त्यांनी आपल्याला सोडवले, त्याच सापळ्यात आपण आपल्या आजारी आईबापांना पुन्हा टाकायचे काय? कारणावाचून कार्य नाही, हा प्रतीत्यसमुत्पाद. पेशी मेली म्हणून आठवण गेली. कारण शोधा, हीच धम्माची शिकवण, आणि डॉक्टरही तेच करतो.

मग प्रश्न उरतो की ती मातामायकडेच का वळली? ज्याला सोडून जवळजवळ सत्तर वर्षे झाली ते परत कसे आले? याचेही उत्तर मेंदूत आहे. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा लहान भाग असतो. आजची घटना उद्यासाठी जपून ठेवण्याचे काम तो करतो. अल्झायमरचा घाव फार लवकर त्याच्यावर पडतो. म्हणून सकाळी जेवलो की नाही हे आठवत नाही, पण लहानपणीची रोवणी आठवते. नवी आठवण आधी जाते, जुनी मागे राहते, हे फ्रान्सच्या रिबो नावाच्या विद्वानाने १८८१ सालीच लिहून ठेवले. वहीची शेवटची पाने आधी फाटत जातात आणि पहिली पाने हाती राहतात, तसे हे आहे. माझ्या आजीच्या वहीच्या पहिल्या पानांवर मातामाय होती. ती तिने लिहिली नव्हती, त्या काळाने लिहिली होती. ती मागे गेली नाही. तिच्या हातातली पुढची पाने गळून पडली.

बंधूंनो, तिने दीक्षा मोडली काय? या प्रश्नाचा निवाडा मी करणार नाही. तो तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. विनयपिटकात गग्ग नावाच्या एका भिक्खूची हकीकत आहे. गग्गाचे मन ठिकाणावर नव्हते. उपोसथाचा दिवस त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे. संघाच्या कामाला तो कधी येई, कधी येत नसे. भिक्खूंना पेच पडला, की तो नसता उपोसथ करावा की करू नये? तथागतांनी सांगितले की संघाने त्याच्या आजाराला रीतसर मान्यता द्यावी. त्याला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाचे काम अडणार नाही आणि त्याच्यावर दोषही येणार नाही. पुढे गग्ग बरा झाला. तेव्हा काही भिक्खू वेडाच्या काळातील वागण्यावरून त्याला टोचू लागले. तो म्हणे, मला आठवत नाही, मी भ्रमात होतो. तरी ते ऐकेनात. तथागतांनी टोचणाऱ्यांची बाजू घेतली नाही. भ्रमात घडलेल्या गोष्टींबद्दल गग्गाला निर्दोष ठरवणारा निर्णय संघाने द्यावा, असे त्यांनी ठरवून दिले. विनयात त्याला अमूळ्हविनय म्हणतात.

याचे मर्म काय? कर्म चेतनेत असते, इराद्यात असते. इरादा करण्याचे साधनच ज्याचे मोडले, त्याच्यावर आरोप कसला ठेवता? गग्गाला टोचणारे भिक्खू शीलवान असतील, विनयाचे जाणकारही असतील. पण त्या प्रसंगी धम्म त्यांच्या बाजूला नव्हता, गग्गाच्या बाजूला होता. त्या भिक्खूंच्या रांगेत मीही उभा होतो, हे मला आज आपल्यासमोर कबूल करायचे आहे.

कोणी विचारील, आठवणच गेली तर माणूस उरला तरी काय? आत्मा मानणाऱ्यांना हा प्रश्न फार छळतो. आठवण गेली तेव्हा तो अमर आत्मा कुठे बसला होता? आपल्याला ही अडचण नाही. तथागतांनी माणूस पाच स्कंधांचा सांगितला: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. त्यांत कायम असे काहीच नाही. ओळखणे हे संज्ञेचे काम, ते आजीचे ढासळले. पण वेदना आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात काय पाहिले ते ते विसरले, पण मनात उठलेले दुःख वा आनंद बराच वेळ टिकून राहिला. हे वाचले तेव्हा मला ती रात्र आठवली. माझे शब्द आजी विसरली होती, पण त्यांचा घाव विसरली नव्हती. म्हणून सांगतो, त्याला काही कळत नाही असे समजून रोग्यासमोर बोलू नका. शब्द कळत नसेल, आवाज कळतो. नाव कळत नसेल, हात कळतो.

आता सेवेचे बोलू. पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूची कथा आपण सर्व जाणतो. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर ठेवले. मग संघाला एकत्र बोलावून त्यांनी बजावले, की रुग्णाची सेवा तीच आपली सेवा. ही कथा आपण कार्यक्रमात सांगतो. पण घरी काय करतो? माझ्या घरी आजीला न्हाऊ घालणे, तिचे कपडे धुणे, रात्री तिच्याबरोबर जागणे, हे सर्व माझी आई करीत होती. आई स्वतः साठीला आलेली. मी आणि वडील धम्मावर चर्चा करीत बसत होतो. त्या भिक्खूला धुणारे दोघेही पुरुष होते, हे आमच्या कधी ध्यानातच आले नाही. सेवा सुनेची आणि प्रवचन मुलाचे, ही वाटणी तथागतांची नव्हे. आता आजीची सकाळची आंघोळ माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. ती तिसऱ्या दिवशी गेली.

काही व्यवहाराच्या गोष्टी. विसरभोळेपणा वाढला की म्हातारपण आहे म्हणून सोडून देऊ नका. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार, मनाचे खोल औदासीन्य, काही औषधांचा परिणाम, यांनीही स्मृती बिघडते आणि ती उपचाराने सुधारू शकते. म्हणून आधी डॉक्टरकडे न्या, रक्त तपासा. अल्झायमर ठरला तर तो बरा करणारे औषध आजही नाही. काही औषधांनी काही काळ थोडी मदत होते. अमेरिकेत २०२३ साली मान्य झालेले नवे औषध सुरुवातीच्या अवस्थेत रोगाची चाल थोडी मंद करते, पण ते फार महाग आहे. जो कोणी पूर्ण बरे करतो असे सांगून अंगारा, ताईत वा काढा विकतो, तो लुबाडतो. २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे, हे अशा भोंदूला ऐकवा.

घरात एकच क्रम ठेवा. जेवणाची, झोपण्याची वेळ बदलू नका. रोग्याशी वाद घालू नका. तो म्हणाला घरी जायचे, तर जरा बाहेर फिरवून आणा. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवा. आणि जो रात्रंदिवस सेवा करतो त्याला आठवड्यातून एक दिवस तरी मोकळा करा. विहाराच्या मंडळाने पाळ्या लावून हे करावे, हे वर्गणीइतकेच धम्मकार्य आहे.

शेवटची गोष्ट तरुणांसाठी. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची धोका वाढवणारी चौदा कारणे मांडली. ती वेळीच दूर झाली तर जवळजवळ निम्मे रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा रोग पुढे ढकलता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, अति मद्यपान, बहिरेपण, एकटेपण ही त्यांतली काही. मद्यापासून दूर राहण्याचे पाचवे शील मेंदूचेही रक्षण करते. आणि त्या यादीत आणखी एक कारण आहे, ते म्हणजे लहानपणी शिक्षण न मिळणे. शिकलेल्यांनाही हा रोग होतो, पण शिक्षणाने मेंदूची राखीव शक्ती वाढते आणि ती पुढे उपयोगी पडते. बंधूंनो, ज्या आजीला अक्षर मिळू दिले नाही, तिच्यावरचा अन्याय सत्तर वर्षांनी मेंदूतही हिशेब मागायला आला असेल. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश नुसता नोकरीसाठी नव्हता. पोरींना शाळेतून काढू नका.

मागच्या बुद्धपौर्णिमेला आम्ही आजीला विहारात आणले. मंडळाच्या बैठकीत मी गग्गाची हकीकत सांगितली होती. तो कार्यकर्ताही तेथे होता. त्यानेच तिच्यासाठी भिंतीजवळ, टेकायला मिळेल अशी जागा राखली. त्रिशरण सुरू झाले तेव्हा आजी दोन ओळी सर्वांबरोबर म्हणाली, मग थांबली आणि रोवण्याला उशीर होतो म्हणून उठू लागली. आईने तिचा हात धरला, वंदना चालू राहिली. आज ती आलेली नाही, आज तिला बरे नाही. तिची ती जागा मात्र रिकामी ठेवली आहे, आपण पाहत आहात.

तिला आठवो वा न आठवो, ती येवो वा न येवो. तिच्या वाट्याची आठवण आता आपण ठेवायची. तिने डोक्यावरून टोपली नेली, आपण तिला हाताने धरून न्यावे. एवढे जमले तर तिचा धम्म कुठेही गेलेला नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!